खाऊचे पैसे की अलाउन्स? मुलांच्या हातात किती द्यायचे आणि का

कोणी चहाचा कप हातात घेऊन ऐकत असाल, कोणी मुलांना मराठी शाळेत सोडायला निघाला असाल. गाडीत मागच्या सीटवर मुलं असतील तर आजचा विषय त्यांच्याच कामाचा आहे, त्यामुळे आवाज वाढवायचा की कमी करायचा ते तुम्हीच ठरवा. आजचा विषय आहे मुलांचा पॉकेट मनी. इथल्या भाषेत अलाउन्स. द्यायचा का, कधीपासून, किती, आणि त्याच्या बदल्यात घरकाम करून घ्यायचं का?

विषय डोक्यात आला तो माझ्याच घरातल्या एका प्रसंगामुळे. माझी आई सांगलीला असते. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आता पेन्शनवर आहे. जानेवारीत माझा मामेभाऊ इकडे न्यू जर्सीला आला, तेव्हा तिने त्याच्याबरोबर नातवासाठी वाढदिवसाचं पाकीट पाठवलं. वर हळदीकुंकवाचं बोट, आत पाचशेची कोरी नोट. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा झाला होता. त्याने नोट उलटसुलट करून पाहिली, ताईच्या फोनवर हिशोब केला आणि म्हणाला, "आई, धिस इज ओन्ली सिक्स डॉलर्स! आणि हे इथे चालत पण नाही."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याचं गणितही बरोबर होतं. पण मामेभाऊ समोर बसला होता आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी रागावले, तो रडला, नोट ड्रॉवरमध्ये गेली. रात्री मात्र विचार करत बसले. आठ वर्षांच्या मुलाला सहा डॉलर म्हणजे "ओन्ली" वाटतात, तर पैशाबद्दल आपण त्याला आजवर नेमकं शिकवलं काय? उत्तर सोपं होतं. काहीच नाही. त्याच्या हातात स्वतःचे म्हणून पैसे आम्ही कधी दिलेच नव्हते.

(संगीताचा छोटा तुकडा)

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या लहानपणी पॉकेट मनी हा शब्दच घरात नव्हता. आपल्याकडे होते खाऊचे पैसे. मामा आला, जाताना हातावर दहाची नोट ठेवली: "खाऊला घे हो." परीक्षेत नंबर आला, आजोबांनी पैसे दिले. भाऊबीजेला ओवाळणी मिळाली. हे पैसे प्रेमाचे होते, ठरलेले नव्हते. कधी येतील, किती येतील याचा भरवसा नाही, आणि आले तरी बरेचदा "दे, मी ठेवते जपून" म्हणून आईकडे जमा व्हायचे. ते पुढे कुठे गेले हे विचारायची आपली हिंमत नव्हती. काहींच्या शाळेत संचयिका होती, तिथे रुपया-दोन रुपये भरून छोट्या पासबुकात नोंद करून घेतल्याचं तुम्हाला आठवत असेल. घरी मातीचा नाहीतर पत्र्याचा गल्ला असायचा.

बाकी काही हवं असेल तर मागायचं. पेन संपलं, सांगा. सहलीला जायचंय, विचारा. मिळेल नाहीतर मिळणार नाही.

मग ठरलेला पॉकेट मनी नव्हता तरी आपण पैसा शिकलोच ना? शिकलो. कारण पैसा डोळ्यांसमोर फिरत होता. पगाराच्या दिवशी घरात नोटा मोजल्या जायच्या. किराण्याची यादी व्हायची, त्यातल्या दोन गोष्टी खोडल्या जायच्या, आणि त्या का खोडल्या हे आपल्याला ऐकू यायचं. भाजीवालीशी घासाघीस चालायची. वाण्याच्या वहीत उधारी लिहिली जायची. आपल्याला दुकानात पिटाळायचे आणि उरलेले सुट्टे मोजून घ्यायचे. कोणी धडा दिला नाही, पण रोज प्रात्यक्षिक चालू होतं.

आता आपल्या मुलांना काय दिसतं ते बघा. आई मशीनला कार्ड लावते, बीप होतं, पिशव्या गाडीत. खोका दारात येतो, पैसे कोणी दिले ते दिसतच नाही. पगार खात्यात, मॉर्गेज खात्यातून, वीजबिल आपोआप. ओक ट्री रोडवर महिन्याचं सामान भरतानासुद्धा एकही नोट बाहेर निघत नाही. मुलाच्या नजरेने पाहिलं तर पैसा ही संपणारी वस्तूच नाही. पैसे नाहीत म्हटलं तर ते म्हणतं, "मग कार्डने घे ना!" यात त्याचा काय दोष?

म्हणून मला वाटतं, आपल्या आईवडिलांना पॉकेट मनीची गरज नव्हती, आपल्याला मात्र आहे. शिकवायचं ते तेच, पण आता मुद्दाम हातात देऊन शिकवावं लागतं.

(संगीताचा छोटा तुकडा)

आता हरकतींकडे वळू. मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये हा विषय काढला की तीन वाक्यं हमखास येतात.

पहिलं: "लागेल ते सगळं आणून देतोच की आम्ही, वेगळे पैसे कशाला?" खरं आहे. पण मागितल्यावर मिळतं तेव्हा मूल पैसे वापरायला शिकत नाही, मागायला शिकतं. बाबा कधी खुशीत असतात, आईकडे आधी विचारायचं की आजीकडे, किती वेळा म्हटलं की "नाही"चं "बरं" होतं, यात ते तरबेज होतं. ठरलेले पैसे हातात असले की प्रश्न बदलतो. "आई घेऊन देईल का?" याऐवजी "मला हे खरंच घ्यायचंय का?" हा प्रश्न त्याने स्वतःला विचारायचा असतो.

दुसरं: "हातात पैसे आले की मुलं बिघडतात." बिघडतात की नाही ते रकमेवर आणि नियमांवर अवलंबून आहे. आठवड्याला चार-पाच डॉलरमध्ये मूल चुकलं तर चार-पाच डॉलरची चूक होते. तीच चूक ते अठराव्या वर्षी कॉलेजच्या हॉस्टेलवर पहिलं क्रेडिट कार्ड मिळाल्यावर करणार असेल, तर ती आत्ताच स्वस्तात झालेली बरी.

तिसरं वाक्य सहसा रुपयांत असतं. "आठवड्याला सात डॉलर? म्हणजे सहाशे रुपये? माझ्या पहिल्या पगारात..." मंडळी, हे थांबवूया. मूल इथे राहतं, इथे खर्च करतं. त्याच्या पैशाची किंमत इथल्या आइस्क्रीम ट्रकवर ठरते, आपल्या १९९०च्या आठवणीत नाही. गंमत म्हणजे मी मुलाला रागावले ते त्याने रुपयांचे डॉलर केले म्हणून, आणि आपण रोज डॉलरचे रुपये करत असतो. दोन्हीकडे चूक एकच.

कोणाला द्यायचेच नसतील, तर तेही चालेल. नियमित रक्कम दिल्याशिवाय मूल शहाणं होत नाही असं मुळीच नाही. फक्त मग दुसरी वाट हवी: किराण्याची यादी आणि बजेट मुलांसमोर करा, दुकानात वीस डॉलर हातात देऊन "यात घरासाठी फळं आण" असं सांगा, परत आल्यावर हिशोब घ्या. पैसे हाताळायचा सराव मात्र कुठल्याही वाटेने व्हायला हवा.

(संगीताचा छोटा तुकडा)

कधीपासून सुरू करायचं? वयापेक्षा दोन खुणा बघा. मूल नाणं तोंडात घालत नाही आणि दुकानात "मला हे हवं" म्हणतं, ही पहिली खूण. त्याला शंभरपर्यंत मोजता येतं, ही दुसरी. बहुतेक मुलांच्या बाबतीत हे पाचव्या-सहाव्या वर्षी होतं. इथल्या शाळांत दुसरीच्या गणितात डॉलर, क्वार्टर, डाइम, निकेल, पेनी येतात. त्या आसपास घरी नाणी हाताळायला मिळाली तर गणिताचीही मदत होते. अमेरिकन नाणी तशी फसवी आहेत. डाइम सगळ्यांत लहान, पण दहा सेंटची. निकेल तिच्यापेक्षा मोठी, पण पाचच सेंटची. लहान मूल नेहमी मोठं नाणं निवडतं. त्याला दोन्ही देऊन बघा, मजा येईल.

आता मुख्य प्रश्न, किती? इथे एक ढोबळ नियम खूप जण सांगतात: जितकं वय तितके डॉलर, दर आठवड्याला. आठ वर्षांच्या मुलाला आठ, अकराच्या मुलीला अकरा. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, आणि दर वाढदिवसाला पगारवाढ ठरलेली असल्यामुळे भांडण नाही. पण हिशोब करून बघा. आठ आणि अकरा मिळून एकोणीस डॉलर, गुणिले बावन्न आठवडे, म्हणजे वर्षाला ९८८ डॉलर. काही घरांना हे सहज जमेल, काहींना नाही. काही जण वयाच्या निम्मे देतात, तेही ठीक.

मला त्याहून बरी वाटली ती यादीची पद्धत. आधी ठरवा की कुठले खर्च आता मुलाचे. कागद घ्या, मुलाला शेजारी बसवा. आमच्याकडे यादी अशी झाली: आठवड्यातून एकदा बाहेरचा खाऊ, दोन डॉलर. छोटं खेळणं किंवा कार्डांचं पाकीट, महिन्याला दहा, म्हणजे आठवड्याला साधारण अडीच. शाळेतली बुक फेअर वर्षातून दोनदा, मिळून तीस डॉलर, म्हणजे आठवड्याला साठएक सेंट. बेरीज झाली पाच डॉलर आणि थोडे सेंट. त्यात साठवण आणि देणं यांचे दोन डॉलर मिळवले. सात डॉलर. ही रक्कम आम्ही ठरवली नाही, यादीने ठरवली. त्यामुळे "अमक्याला तर वीस मिळतात" असं तो म्हणाला तेव्हा उत्तर तयार होतं: "त्याच्या यादीत काय काय आहे ते विचारून ये." विचारून आला. त्या मुलाला दुपारच्या जेवणाचेही त्यातूनच द्यावे लागत होते. विषय संपला.

या पद्धतीत एक पथ्य आहे. जो खर्च मुलाच्या यादीत गेला, तो आपल्या यादीतून निघाला पाहिजे. सात डॉलरही द्यायचे आणि दुकानात रडलं की खेळणंही घ्यायचं, असं केलंत तर तुम्ही फक्त खर्च वाढवलात.

पैसे आले की ते ठेवायचे कुठे? तीन काचेच्या बरण्या. लोणच्याच्या रिकाम्या झालेल्या चालतील, फक्त नीट धुवा, नाहीतर नोटांना मेथीचा वास येतो, अनुभवाने सांगते. एकीवर लिहा खर्च, दुसरीवर साठवण, तिसरीवर देणं. मराठीतच लिहा, तेवढाच वाचनाचा सराव. कुठल्या बरणीत किती टाकायचे ते मूल ठरवेल. आमची अट एवढीच की साठवण आणि देणं या दोन्हींत दर आठवड्याला निदान एकेक डॉलर जायला हवा. बरण्या काचेच्या का? थेंबे थेंबे तळे साचे हे ऐकून कळत नाही, बरणी भरताना दिसली की कळतं. देण्याच्या बरणीचं काय करायचं तेही मुलानेच ठरवावं. माझ्या मुलीने गावातल्या प्राण्यांच्या निवाऱ्याला दिले. मला मनातून दुसरंच काही सुचवायचं होतं, पण गप्प बसले.

(संगीताचा छोटा तुकडा)

आता थोडं दुकानात जाऊ. साठवणीतून दहा डॉलर झाले म्हणून माझा मुलगा ९ डॉलर ९९ सेंटचं खेळणं घेऊन ऐटीत काउंटरवर गेला. मशीनवर आकडा आला १० डॉलर ६५ सेंट. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "पण इथे नाइन नाइन्टी नाइन लिहिलंय!" आपल्याकडे भारतात पाकिटावर छापलेल्या एमआरपीमध्ये कर धरलेला असतो. इथे तो काउंटरवर वरून लागतो. न्यू जर्सीत सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के. नदीपलीकडे न्यूयॉर्क शहरात ८.८७५, शेजारच्या डेलावेअरमध्ये शून्य. त्यातही आपल्या राज्यात कपड्यांवर आणि बहुतेक किराणा सामानावर हा कर नाही, पण कँडी, सोडा आणि खेळण्यांवर आहे. म्हणजे मुलांच्या यादीतल्या नेमक्या सगळ्या गोष्टींवर!

त्या क्षणी पर्समधून पासष्ट सेंट काढून देणं फार सोपं होतं. मागे रांग होती, काउंटरवरची मुलगी थांबली होती. मी म्हटलं, "दोन वाटा आहेत. आज ठेवून दे, पुढच्या रविवारी ये. नाहीतर मी पासष्ट सेंट उधार देते, रविवारी कापून घेईन." त्याने उधार घेतले. रविवारी सातऐवजी सहा डॉलर पस्तीस सेंट मिळाले तेव्हा त्याला ते अजिबात आवडलं नाही. त्यानंतर दुकानात जाण्याआधी तो ताईला विचारतो, "टॅक्स धरून किती?" माझं म्हणणं असं की त्या पासष्ट सेंटमध्ये सरकार, उधारी आणि नियोजन हे तिन्ही धडे झाले.

आता सगळ्यांत वादाचा मुद्दा. घरकामाचे पैसे द्यायचे का?

इथल्या अनेक घरांत फ्रिजवर तक्ता असतो: डिशवॉशर रिकामा केला एक डॉलर, खोली आवरली एक डॉलर. त्यामागचा विचार सरळ आहे, कष्टाशिवाय पैसा नाही हे कळावं. आम्हीही हे करून पाहिलं. तीन आठवडे घर आरशासारखं होतं. चौथ्या आठवड्यात मुलीला म्हटलं, डिशवॉशर रिकामा कर, तर ती शांतपणे म्हणाली, "आज नको मला तो डॉलर." मी बघतच राहिले. तिचं चुकलं कुठे? आम्हीच त्या कामाचा भाव ठरवला होता आणि तिने तो सौदा नाकारला.

१९७३ साली स्टॅनफर्डच्या बालवाडीत मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्र काढायची मनापासून आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर छान प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे बक्षिसाचा विषय संपल्यावर, बक्षिसाचं आमिष मिळालेली मुलं मोकळ्या वेळात इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. जे आनंदाने करत होती, ते आता मोबदल्याचं काम झालं होतं.

आपल्या घरांत हा प्रश्न आणखी टोचतो. पाहुणे आले की पाण्याचे पेले भरून नेणं, आपलं ताट उचलणं, आजी इथे आली असताना तिचा चष्मा शोधून देणं, यांचा दर कसा लावणार? हे घरात राहण्याचे भाग आहेत. आईला स्वयंपाकाचे कोण देतं?

म्हणून आम्ही मधली वाट धरली, आणि बऱ्याच घरांत तीच टिकते असं मला दिसलं. रोजची कामं सगळ्यांची, त्यांना पैसे नाहीत. पॉकेट मनीही त्या कामांशी बांधलेला नाही. काम टाळलं तर वेगळी बोलणी होतील, पण पैसे कापायचे नाहीत. आणि जी कामं नाहीतर आपण बाहेरून करून घेतली असती, म्हणजे गाडी धुणं, पानगळीत पानांचे ढीग करून पिशव्या भरणं, ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसणं, त्यांना वेगळा मोबदला. तो आधी ठरवायचा आणि काम नीट झाल्यावरच द्यायचा. पैसा कष्टाने येतो हेही कळतं, आणि घर हे दुकान होत नाही.

बाकी नियम चारच, पटकन सांगते. एक, वार ठरलेला हवा आणि तो आपण पाळायला हवा. आपणच विसरलो तर मुलांनी नियम का पाळावेत? दोन, आगाऊ उचल अपवाद म्हणून, आणि ती लिहून ठेवायची. तीन, मुलाने पैसे फालतू गोष्टीवर घालवले तर "मी सांगितलं होतं ना" म्हणायचं नाही. दोन दिवसांत तुटलेलं खेळणं ते वाक्य आपल्यापेक्षा चांगलं म्हणतं. चार, कशावर खर्च करायचा नाही हे आधीच सांगायचं. आमच्याकडे ऑनलाइन गेममधली खरेदी आम्हाला विचारल्याशिवाय नाही. गेममधली नाणी आणि रत्नं खऱ्या डॉलरनेच येतात हे लहान मुलांना उमजत नाही. तुमचं कार्ड टॅबलेटवर साठवलेलं असेल, तर हा कार्यक्रम संपल्यावर सेटिंगमध्ये जाऊन खरेदीला पासवर्ड लावा. माझ्या एका मैत्रिणीला हे कार्डाच्या स्टेटमेंटवरून कळलं.

(संगीताचा छोटा तुकडा)

मुलं दहा-अकराची झाली की रोख कमी पडायला लागते. मुलांसाठीची डेबिट कार्डं आणि अॅप मिळतात. आपल्याला खर्च दिसतो, मर्यादा लावता येते. सोय आहे, पण फी बघून घ्या. काही कार्डांना महिन्याला पाच-सहा डॉलर लागतात. आठवड्याला पाच डॉलर देत असाल तर वर्षाचे २६०, आणि पाचच्या हिशोबाने फी साठ डॉलर. मुलाच्या प्रत्येक चार डॉलरमागे जवळजवळ एक डॉलर फी! बऱ्याच बँका आणि क्रेडिट युनियन पालकांबरोबरचं जोडखातं विनाशुल्क देतात, आधी तिथे चौकशी करा. आणि माझा आग्रह, पहिली काही वर्षं रोखच द्या. नोट हातातून जाताना जे जाणवतं, ते कार्डाने जाणवत नाही, आपल्यालाही नाही.

तेरा-चौदाच्या पुढे आठवड्याऐवजी महिन्याचे पैसे द्या आणि मोठी जबाबदारी सोपवा. उदाहरणार्थ, शाळा सुरू होतानाच्या कपड्यांचं पूर्ण बजेट. एका जोडी बुटांत निम्मं संपवायचं की चार शर्ट घ्यायचे, हे तिला ठरवू द्या. चौदाव्या वर्षापासून संघराज्याच्या कायद्याप्रमाणे बऱ्याच प्रकारची अर्धवेळ कामं करता येतात. राज्याचे तास आणि कागदपत्रांचे नियम वेगळे असतात, ते तपासा. मुलाने उन्हाळ्यात खरी नोकरी करून पगार आणला, तर त्याच्या नावे पालकांच्या देखरेखीखाली रॉथ आयआरए खातं उघडता येतं. त्यात त्याच्या वर्षाच्या कमाईपेक्षा जास्त भरता येत नाही. आपण देतो तो पॉकेट मनी मात्र त्या कमाईत धरत नाहीत.

एक अवघड गोष्टही बोलायला हवी. आपल्यापैकी अनेक घरं एका नोकरीवर आणि एका व्हिसावर उभी आहेत. एच-वन-बी वर असताना नोकरी गेली की बहुतेकांना जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. अशा वेळी मुलांना काय सांगायचं? आमच्या ओळखीच्या एका घरात गेल्या वर्षी हे झालं. त्यांनी मुलांना जेवणाच्या टेबलवर बसवून सांगितलं: बाबांचं काम गेलंय, दुसरं शोधताहेत, तोवर सगळ्यांचा खर्च निम्मा, तुमचा पॉकेट मनीसुद्धा. बंद नाही, निम्मा. दहा वर्षांच्या मुलाने बरणी आणून ठेवली. आईने ती परत दिली आणि म्हणाली, "ही तुझी आहे. तू तुझं निम्म्यात भागव, तीच आम्हाला मदत." मला हे फार पटलं. मुलांपासून लपवलं तरी घरातला ताण त्यांना कळतोच, फक्त कारण कळत नाही, आणि मग ती मनाने भलतंच काहीतरी रचतात. अंथरूण पाहून पाय पसरावे हे आपण त्यांना म्हणत असतो, मग अंथरूण आखूड झालं तर तेही त्यांना दाखवायला हवं. मात्र भार त्यांच्या डोक्यावर टाकायचा नाही.

आता परत त्या पाचशेच्या नोटेकडे.

पाकीट आल्यानंतर पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी मुलाला म्हटलं, आजीला विचार, पाचशे रुपयांत काय काय येतं. आईला मागचं काही माहीत नव्हतं. ती शाळेत शिकवल्यासारखी सांगायला लागली: "आमच्या दोघांचं आठवड्याचं दूध येतं बघ. नाहीतर तुझ्या आजोबांची बीपीची गोळी महिनाभराची, वर भाजी." तो म्हणाला, "मग मला दिलेस तेव्हा दूध कसं घेतलंस?" आई हसली. म्हणाली, "अरे, पेन्शन आली की तुमच्या दोघांचं आधी बाजूला काढते. मग दूध." तो काही बोलला नाही. कॉल संपल्यावर ड्रॉवरमधली नोट काढून त्याने खर्चाच्याही नाही, साठवणीच्याही नाही, चौथ्याच एका बरणीत ठेवली आणि वर इंग्रजीत लिहिलं, 'सांगली'.

तेव्हापासून आम्ही आजीआजोबांचे, मामा-काकांचे पैसे पॉकेट मनीत मिसळत नाही. ओवाळणी, वाढदिवसाचं पाकीट, भारतात गेल्यावर प्रत्येक घरी हातावर ठेवलेली नोट, हे खाऊचे पैसे. त्यांची नोंद वेगळ्या वहीत: कोणी दिले, कधी दिले. फोन करून आभार मानायचे. ते डॉलरमध्ये बदलायचे नाहीत, भारतातच खर्च करायचे. पॉकेट मनीतून मूल हिशोब शिकतं. खाऊच्या पैशांतून आपल्यासाठी कोणी काय बाजूला काढलं ते शिकतं. दोन्ही हवेत, पण वेगवेगळे.

या जुलैमध्ये आम्ही सांगलीला गेलो. तो ती नोट पासपोर्टच्या कव्हरमध्ये घालून घेऊन गेला. एका संध्याकाळी सगळ्यांना गणपती मंदिराकडे नेलं आणि तिथल्या गाडीवर सहा भेळी मागवल्या. पैसे त्यानेच दिले. भेळवाल्याने उरलेले परत केले, ते त्याने दोनदा मोजले आणि आजीला विचारलं, "आजी, यात टॅक्स नाही?" मग उरलेल्या पैशांतून आजोबांसाठी भडंगाचं पाकीट घेतलं, आणि राहिलेले वहीत लिहून आजीकडे ठेवायला दिले. तिने आपल्या जुन्या पद्धतीने विचारलं, "ठेवू का जपून?" तो म्हणाला, "हो, पण मी लिहून ठेवलंय."

तर मंडळी, या आठवड्यात एवढंच करा. कागद घ्या, मुलाला शेजारी बसवा आणि त्याच्या खर्चाची यादी करा. रक्कम त्यातून निघेल. तुमच्या घरी काय ठरलं, काय फसलं, ते आम्हाला जरूर कळवा. फसलेलं आधी कळवा, ते ऐकायला सगळ्यांना जास्त आवडतं.

पुढच्या रविवारी याच वेळेला पुन्हा भेटू. तोपर्यंत काळजी घ्या. नमस्कार!